‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना अडणाऱ्यांसाठी

शेवंती

बरेच दिवस लिहू की नको करत होते. इथे ख्रिस्ती सभासद मोजकेच आहेत, पण हा प्रश्न फक्त ख्रिस्ती माणसाचा नाही असं वाटलं म्हणून धागा काढतेय. चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी मूळची नगरची. घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. लहानपणी रविवारच्या शाळेत भिंतीवर एक तक्ता असायचा, निळ्या अक्षरांत स्तोत्र १०३ मधलं वचन: ‘जसा बाप आपल्या मुलांवर ममता करतो, तसा परमेश्वर आपले भय धरणाऱ्यांवर ममता करतो.’ शिकवणाऱ्या बाई फार प्रेमळ होत्या. त्या म्हणायच्या, ‘तुमचे पप्पा तुमच्यावर जेवढं प्रेम करतात ना, त्याच्या हजारपट देव करतो.’

मी मनातल्या मनात हिशेब केला होता. आमचे पप्पा ट्रक चालवायचे. आठ-दहा दिवसांनी घरी यायचे. आईचा चेहरा बघून आम्हाला कळायचं की आज पलंगाखाली जायचं की नाही. पट्टा दाराच्या मागच्या खिळ्याला असायचा. आणि देव म्हणे त्याच्या हजारपट.

नंतर मोठी झाले, शिकले, नोकरी लागली, लग्न झालं. देवावरचा विश्वास गेला नाही. आश्चर्य वाटेल, पण नाही गेला. ‘प्रभू’ म्हणते, ‘येशू’ म्हणते, रात्री झोपताना बोलतेसुद्धा त्याच्याशी. फक्त प्रभूच्या प्रार्थनेत, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना, ‘पित्या’ हा शब्द आला की घसा अडतो. इतकी वर्षं तो शब्द मी गाळते, ओठ हलवते आणि ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’पासून परत सगळ्यांत सामील होते. शेजारच्या बाकावरच्याला कळत नाही.

आता पप्पा ७९ वर्षांचे आहेत. आई गेली, भाऊ परदेशात, त्यामुळे दोन वर्षांपासून ते पुण्याला माझ्याकडे असतात. स्मृतिभ्रंश. मला ओळखत नाहीत. सकाळी चहा दिला की विचारतात, ‘तुम्ही कोण, बाई?’ आयुष्यात पहिल्यांदा मला अहोजाहो करतायत.

जूनमध्ये पितृदिनाला उपदेश झाला. विषय: आईबापाची माया म्हणजे देवाच्या प्रीतीचा आरसा. चांगला होता उपदेश, रडले लोक. मी घरी आले, पप्पांची चादर बदलली आणि स्वयंपाकघरात उभी राहून चिडले. कोणावर ते अजून कळलेलं नाही. ज्यांच्या घरातला आरसाच फुटका, त्यांनी तोंड कशात बघायचं?

सल्ला नकोय. ‘माफ कर’ तर अजिबात नको, ते माझं मी बघते. तुम्ही लोक हा शब्द कसा म्हणता, एवढंच विचारायचंय.

---

दोन_पोरांची_आई

शेवंती, वाचून गप्पच झाले. मी ख्रिस्ती नाही, पण ‘आईबाप म्हणजे देवाचं रूप’ हे आमच्याकडेही भिंतीवर असतंच. काल थोरल्याने गृहपाठाची वही लपवली म्हणून थोबाडीत दिली मी. त्या पोराला कोणी माझ्यावरून देव समजावून सांगू नये, एवढी विनंती.

---

वसईवाला

मी कॅथलिक, वसईचा. आमच्याकडे याला एक आडवाट आहे. बापाकडे जायला भीती वाटली की माणूस मावलीकडे, म्हणजे येशूच्या आईकडे, मरियेकडे जातो. वांद्र्याच्या माउंट मेरीला आमचे लोक, कोळी लोक ‘मोत मावली’च म्हणतात. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते तेव्हा बघा, नवस बोलणारे सगळेच काही ख्रिस्ती नसतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही माझ्याकडे. पण माझ्या आईचं सांगतो. धाकटा भाऊ दारूत बुडाला होता तेव्हा ती संत मोनिकेचा धावा करायची. मोनिका म्हणजे संत ऑगस्टिनची आई, उत्तर आफ्रिकेतली. मुलगा भरकटला म्हणून सतरा वर्षं रडली, त्याच्यामागे समुद्र ओलांडून इटलीत गेली. ३८७ साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ती ओस्तियाला वारली. तिचा सण २७ ऑगस्टला, त्याचा २८ला. मेल्यावरही पोराच्या आदल्या दिवशी जाऊन उभी, असं आई म्हणायची.

आता नवरा. मोनिकेचा नवरा पॅट्रिसियस शीघ्रकोपी होता आणि तिच्याशी एकनिष्ठही नव्हता. ऑगस्टिनने हे लपवलेलं नाही. गावातल्या बायकांच्या तोंडावर नवऱ्याच्या माराचे वळ असायचे, तेही त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे ज्याच्या लिखाणावर पाश्चात्त्य चर्चचं निम्मं धर्मशास्त्र उभं आहे, त्याचं घर काही तक्त्यावरच्या वचनासारखं नव्हतं.

---

तर्कट

मनोविश्लेषक फ्रॉइडने १९२७ सालीच सांगून ठेवलंय. असहाय मुलाला संरक्षक बाप लागतो, तोच मोठेपणी आभाळात टांगला जातो. धागाकर्तीचा अनुभव उलट असून तिचा विश्वास टिकला, हे मात्र फ्रॉइडच्या हिशेबात बसत नाही, तेवढं मान्य.

पण मला वेगळाच प्रश्न आहे. ख्रिस्ती धर्मात बापाच्या प्रेमाचा पुरावा काय, तर ‘त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला’. स्वतःचं पोर क्रुसावर चढू देणारा बाप तुम्ही लोक प्रेमाचा नमुना म्हणून कसा दाखवता? पट्टा परवडला.

---

आभा_जोशी_नव्हे

तर्कट, शेवटचं वाक्य या धाग्यावर गरजेचं होतं का?

शेवंती, आमच्या संतांनी हा गुंता फार पूर्वीच सोडवला असं मला वाटायचं. विठ्ठल पुरुष, कटेवर हात ठेवून उभा, तरी तो माउली. जनाबाईचा विठू लेकुरवाळा. तुकोबा तर सरळ म्हणतात, ‘लेकुराचे हित वाहे माउलीचे चित्त, ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती.’ तुमच्यात ‘पिता’ म्हटलंच पाहिजे असं बंधन आहे का?

---

सोलापुरी_चादर

माझे वडील खेड्यापाड्यांतून फिरणारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, त्यामुळे बायबल कानावरून बरंच गेलंय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आभाताई, तुम्ही नेमक्या शब्दावर बोट ठेवलंत. लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, परदेशी जाऊन उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, मग परत फिरतो. तो दूर आहे तोच बाप त्याला बघतो आणि मराठी बायबल म्हणतं, बापाला ‘कळवळा आला’. तुकोबांचा कळवळा! मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलंय. आपण ‘आतड्याची माया’ म्हणतो ना, शब्दशः तेच. ग्रीकातून इंग्रजीत जाताना ती आतडी हरवली, मराठीत निदान पोटात काहीतरी तुटल्यासारखं होतं.

आणि मग तो बाप धावतो. त्या काळी प्रतिष्ठित म्हातारा माणूस झगा वर करून गावादेखत धावत नसे. उभा राही, लोक त्याच्याकडे येत. येशूचं म्हणणं, याने गावाची लाज सोडली. वडील हे सांगताना व्यासपीठावरच दोन पावलं धावून दाखवायचे. लेंगा सावरत.

आता शेवंतीताईंचा मुद्दा. माझं स्पष्ट मत आहे की ‘आईबापाची माया म्हणजे देवाच्या प्रीतीचा आरसा’ हे वाक्य अर्धवट आहे आणि उपदेशात ते अर्धवटच सांगितलं जातं. बायबल जिथे जिथे ही तुलना करतं तिथे बहुतेक वेळा लगेच ती मोडतंही. मत्तय ७ बघा. मुलाने भाकर मागितली तर त्याला धोंडा कोण देईल, मासा मागितला तर साप कोण देईल? सुंदर. पण पुढचंच वाक्य: ‘तुम्ही वाईट असताही’ तुम्हाला मुलांना चांगलं द्यायचं कळतं, तर स्वर्गातला पिता किती अधिक देईल! येशू समोर बसलेल्या सगळ्या आईबापांना तोंडावर ‘वाईट’ म्हणतो. पितृदिनाच्या कार्डावर हे कोणी छापत नाही.

स्तोत्र २७ मध्ये: माझ्या आईबापांनी मला सोडलं तरी परमेश्वर मला जवळ करील. होशेय ११ मध्ये देव म्हणतो, मी एफ्राइमाला, म्हणजे इस्रायलच्या लोकांना चालायला शिकवलं, त्याला हाताला धरलं. अगदी अंगणातलं चित्र. आणि त्याच अध्यायात पोरांनी पाठ फिरवल्यावर म्हणतो, मी माझा संताप चालवणार नाही, कारण मी देव आहे, मनुष्य नव्हे.

‘मनुष्य नव्हे.’ म्हणजे त्या तुलनेच्या ऐन मध्यावर तो सांगतोय की बापावरून मला ओळखू नका. मापून घ्यायचं तर उलट बाजूने घ्या, माझ्यावरून बापाला मोजा. शेवंतीताई, तुम्ही लहान असताना नकळत तेच केलंत. हा बाप बरोबर नाही, हे तुम्हाला कशावरून कळलं? मोजायला काहीतरी होतंच ना हाताशी?

---

शेवंती

चादर, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आई होती हाताशी. पलंगाखालून बाहेर काढून ती आमच्या केसांना तेल लावायची, रात्री अकरा वाजता. बोलायची काहीच नाही.

---

भीमाकाठचा

वाचतोय.

---

अश्दोदची_आजी

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, माहेर रेवदंड्याकडचं. १९६९ साली आईवडिलांबरोबर इकडे इस्रायलला आले. मराठी सुटू नये म्हणून या साइटवर वाचत असते, लिहीत नाही सहसा. टायपिंग नातू करतोय, चुका त्याच्या.

शेवंती बाळ, मी ख्रिस्ती नाही, तेव्हा येशूबद्दल मी बोलणार नाही. पण सोलापूरच्या गृहस्थांनी ज्या ओळी दिल्या त्या होशेयाच्या आणि स्तोत्रांतल्या आहेत, म्हणजे आमच्याही घरच्या. देवाला बाप म्हणणं आमच्याकडून तिकडे गेलंय. नवीन वर्षाला आणि योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये ‘अवीनु मल्केनु’ म्हणतात, ‘आमच्या बापा, आमच्या राजा’.

दोन शब्द सांगते. पहिला ‘अब्बा’. ख्रिस्ती मैत्रिणी मला सांगायच्या, अब्बा म्हणजे तान्ह्या पोराचं बोबडं ‘बाबा’. तसं नाही गं. इथे रस्त्यावर तीन वर्षांचं पोर अब्बा म्हणतं, आणि पन्नाशीचा माझा मुलगाही त्याच्या बापाला अब्बाच म्हणायचा. भांडतानासुद्धा.

दुसरा शब्द मोठा आहे. हिब्रूत गर्भाशयाला ‘रेहेम’ म्हणतात आणि दयेला ‘रहमीम’. एकाच धातूचे. आमच्या प्रार्थनेत देवाला ‘अव हारहमीम’ म्हणतात. अर्थ ‘दयेचा बाप’, पण कानाला ऐकू येतं ‘गर्भाशयाच्या मायेचा बाप’. आभाबाईंच्या विठोबासारखंच झालं की नाही? यशयाच्या ४९व्या अध्यायात लोक रडतात, देवाने आम्हाला टाकलं. तेव्हा तो विचारतो, बाई आपल्या तान्ह्याला विसरेल का, पोटच्या पोराची तिला माया येणार नाही का? तिथे हाच रेहेमवाला शब्द आहे. आणि मग म्हणतो, हो, अशाही बाया विसरतील. पण मी तुला विसरणार नाही.

‘विसरतील’ हे तो कबूल करतो. ‘आई कधी विसरतच नाही’ असं खोटं बोलत नाही. आमच्या आईलाही शेवटी विसर पडला होता. मला ती ‘नर्सबाई’ म्हणायची, आणि चांगल्या नर्सबाई असं वर प्रमाणपत्र द्यायची.

---

वसईवाला

आजी, नातवाला सांगा चुका नाहीत. दंडवत.

---

तर्कट

आजींचा प्रतिसाद आवडला. आभा, ते वाक्य मागे घेतो, वाईट होतं. प्रश्न मात्र तसाच आहे. क्रुसाचं काय?

---

सोलापुरी_चादर

तर्कट, प्रश्न रास्त आहे आणि आमच्यातही तो फार जणांना छळतो. एक बाजू अशी की ख्रिस्ती समजुतीप्रमाणे क्रुसावर चढलेला कोणी तिसरा नव्हे, देवच. बाप दुसऱ्या कोणाला पुढे करून स्वतः मागे राहिला, असं चित्र असेल तर तुम्ही म्हणता तसं ते भयंकरच आहे. ते चित्र रंगवणारे उपदेशक मीही ऐकलेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. युर्गेन मोल्टमान नावाचा जर्मन धर्मवेत्ता, तरुणपणी महायुद्धात कैदी होता. त्याने १९७२ साली मांडलं की क्रुसावर मुलगा मरण सोसतो आणि बाप मुलाचं मरण सोसतो. दोघंही त्याच आगीत.

तुमचं समाधान होणार नाही, माझंही पूर्ण होत नाही. पण अब्बावरून आजींना एक सांगतो. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांत, ‘अब्बा’ शब्द फक्त एकदा येतो, मार्क १४ मध्ये, गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी. ‘अब्बा, बापा, हा प्याला माझ्यापासून दूर कर.’ आणि प्याला दूर होत नाही. आभाळातून उत्तरच येत नाही. म्हणजे हा शब्द शुभवर्तमानात आलाय तो मांडीवर बसलेल्या पोराच्या तोंडून नाही, बाप गप्प असताना घाम फुटलेल्या माणसाच्या तोंडून. शेवंतीताईंना तो म्हणताना घसा अडत असेल, तर मला वाटतं तो शब्द त्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त ऐकलाय.

---

आभा_जोशी_नव्हे

अवांतर: आपल्या ना. वा. टिळकांनीही ख्रिस्ताला माउली म्हटलंय ना? मला फक्त ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून माहीत होते, शाळेपुरते.

---

शेवंती

हो, आमच्या नगरचेच म्हणायचे ते, आयुष्याचा मोठा काळ तिथे गेला. १८९५ला बाप्तिस्मा घेतला आणि म्हणायचे, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांची पदं ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकात आहेत, लहानपणापासून पाठ. त्यांची आई ते लहान असतानाच गेली. त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण ‘माउली’ हा शब्द ते ज्या ओढीने वापरतात ते ऐकलं की मला ते नेहमी आठवतं.

गंमत बघा. ‘ख्रिस्त माउली’ गाताना माझा घसा कधीच अडला नाही. हे आजवर लक्षातच आलं नव्हतं.

---

दोन_पोरांची_आई

म्हणजे रात्री अकराचं तेल.

---

भीमाकाठचा

इतका वेळ नुसता वाचत होतो. माझी गोष्ट उलटी आहे. वडील देवमाणूस, मी दिवटा. पाच वर्षं घरी फोन केला नाही. परत गेलो तेव्हा ते धावले वगैरे नाहीत, गुडघे गेले होते. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, ‘जेवलास का?’ उधळ्या पुत्राच्या गोष्टीत थोरल्या भावाचं पुढे काय होतं? माझा थोरला अजून माझ्याशी बोलत नाही.

---

सोलापुरी_चादर

काय होतं ते सांगितलेलंच नाही. आत वाजंत्री आणि नाच चाललाय, थोरला रुसून बाहेर उभा आहे. बाप पाहुणे सोडून परत एकदा बाहेर आलाय, या वेळी त्याच्यासाठी, आणि त्याची मनधरणी करतोय. तिथेच गोष्ट संपते. तो आत गेला का, हे येशूने सांगितलं नाही. तुमच्या थोरल्याची बाजूही समजून घ्या, पाच वर्षं म्हाताऱ्याची औषधं त्यानेच आणली असणार.

---

भीमाकाठचा

आणली. खरंय.

---

शेवंती

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. पप्पांना मध्ये छातीत कफ झाला होता, आता बरे आहेत.

परवा त्यांना आंघोळ घालत होते. डोळ्यांत साबण गेला म्हणून त्यांनी एकदम हात वर केला आणि मी मागे सरले. भिंतीला पाठ लागेपर्यंत. वय वर्षं सेहेचाळीस. त्यांच्या हातात तेव्हा तांब्या धरायचंही बळ नव्हतं. मी तशीच उभी राहिले मिनिटभर, ते डोळे मिटून बसलेले. मग म्हणाले, ‘बाई, टॉवेल देता का?’ दिला.

आजी, तुमच्या नर्सबाईंची आठवण झाली. मला अजून प्रमाणपत्र मिळालेलं नाही.

रविवारी उपासनेनंतर आमच्या पाळकांना गाठलं आणि पहिल्यांदाच सांगितलं की तो शब्द मी गाळते, किती वर्षं गाळते, आणि का. वाटलं होतं समजूत घालतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘प्रार्थना “माझ्या” नाही, “आमच्या” अशी आहे. तुम्ही गाळा. तुमच्या बाकावरचे आम्ही म्हणतोय तोवर चालेल.’

या रविवारी गाळला. पण शेजारच्या आजोबांचा आवाज किती घोगरा आहे ते पहिल्यांदा ऐकलं.

दोन_पोरांची_आई, गृहपाठाची वही सापडली का?

---

दोन_पोरांची_आई

फ्रीजच्या मागे होती. सॉरी म्हटलं त्याला. तो म्हणाला, ठीक आहे, पण आज डबा तू भर, बाबांना चटणी नीट लावता येत नाही.